भाचा दवाखान्यातून घरी आलाय. आता त्याच्याशी काय बोलू?

गोदाकाठ | बुधवार, रात्री ११:५०

इथे कितीतरी वर्षं वाचनमात्र आहे. पहिला धागा अशा विषयावर काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

माझा भाचा अठरा वर्षांचा आहे. गाव बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईपासून जवळ. बारावीनंतर लातूरला खोली करून राहिला होता, नीटचं हे त्याचं रिपीटरचं वर्ष. मागच्या आठवड्यात त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारच्या खोलीतल्या पोराला शंका आली म्हणून वाचला. कसं, काय ते लिहिणार नाही, कृपया कुणी विचारू नका. पाच दिवस दवाखान्यात होता, परवा घरी आणलं.

घरात त्या गोष्टीचं नावही कुणी काढत नाही. भाऊजी पहाटे शेतात जातात ते अंधार पडल्यावर येतात. ताई तासातासाला काहीतरी करून त्याच्यापुढे ठेवते. आजूबाजूला सांगितलंय की कावीळ झाली होती. आजी म्हणते नजर लागली, योगेश्वरीला नेऊन आणा. त्याचा मोबाईल काढून घेतलाय. तो पडवीत बसून असतो. माणसं आली की उठून आत जातो.

मी पुण्याहून आठ दिवसांची रजा टाकून आलोय. काल रात्री मच्छरदाणी लावताना त्यानं विचारलं, "मामा, तुम्ही किती दिवस आहात?" मी म्हणालो, रविवारपर्यंत. तीन दिवसांत आमच्यात झालेलं बोलणं एवढंच.

मला विचारायचंय ते हे. विषय काढू का? काढला तर पुन्हा त्याच्या मनात तेच येईल का? आणि काढायचाच तर कुठल्या शब्दांत?

तात्या५२ | गुरुवार, सकाळी ६:१५

गोदाकाठ, वाचून जीव हलला. माझ्या मते विषय काढू नये. खपली धरू लागली की तिला हात लावायचा नसतो. पोराला चार महिने पुण्याला न्या, हवापालट होऊ द्या. अभ्यासाचं नाव नको. वेळ जाईल तसं विसरेल.

पुनश्च | गुरुवार, सकाळी ९:०२

तात्या, तुमच्या वयाला आणि मायेला नमस्कार करून सांगते, गप्प राहणं चुकीचं ठरेल.

मी आज सत्तावीस वर्षांची आहे. एकोणिसाव्या वर्षी मी त्या मुलाच्या जागी होते. घरी आल्यावर आमच्याकडेही असंच झालं. मी स्वयंपाकघरात गेले की आई आणि काकू बोलायच्या थांबायच्या. बाबा माझ्याकडे बघायचेच नाहीत. आज कळतं की त्यांना रडू येत होतं. तेव्हा मी एवढाच अर्थ लावला की मी यांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आणि वाचले तेही यांना जडच झालंय. त्या तीन आठवड्यांत मी पुन्हा त्याच विचाराशी जाऊन पोचले होते.

मग धाकटी आत्या आली. गवार मोडता मोडता तिनं सरळ विचारलं, "अजून मरावंसं वाटतं का गं?" मी हो म्हणाले. तिनं गवार बाजूला ठेवली आणि माझा हात धरला. ओरडली नाही, आईला हाक मारली नाही, ‘असं बोलू नये’ म्हणाली नाही. "कधी वाटतं जास्त, रात्री का?" म्हणाली. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा रडले.

तिनं विचारल्यामुळे तो विचार माझ्या डोक्यात आला नाही. तो होताच, मी एकटी धरून बसले होते. त्या दिवसापासून तो आम्हा दोघींचा झाला.

संपादक मंडळ | गुरुवार, सकाळी ९:३०

विषय महत्त्वाचा आहे, धागा खुला ठेवत आहोत. आत्महत्येची पद्धत, साधन, जागा यांचं वर्णन असलेले प्रतिसाद काढून टाकले जातील. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात आत्ता असे विचार असतील तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. विनामूल्य आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी ३:२०

मी जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीत काम करतो. असे तरुण पेशंट आमच्याकडे नेहमी येतात. थोडं सविस्तर लिहितो.

विचारल्यानं विचार पेरला जातो ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, शिकलेल्या घरांतही. यावर बरंच संशोधन झालंय आणि विचारल्यानं धोका वाढल्याचं त्यात दिसलेलं नाही. उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. तेव्हा विचारा. आडवळणानं नको. ‘तू परत तसलं काही करणार नाहीस ना?’ असं तर मुळीच नको. त्या प्रश्नाला ‘नाही’ एवढं एकच उत्तर देता येतं, आणि ते तो तुमच्या समाधानासाठी देईल. पुनश्च यांच्या आत्यानं विचारलं तसं विचारा: मरावंसं वाटतं का? आज वाटतंय का? काही ठरवलंय का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्या जवळच आहे, लातूरलाही आहे.

आता तात्यांच्या मुद्द्याबद्दल. वेळ गेला की विसरेल, असं आपण धरून चालतो. पण दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक असतात, आणि आधी केलेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत मोठा इशारा मानला जातो. सगळे जण ‘सुटलो बाबा’ म्हणून श्वास सोडतात, तेव्हाच खरं लक्ष हवं असतं.

एक अभ्यास मी माझ्या प्रत्येक इंटर्नला सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या पाच ठिकाणी केला होता, त्यात आपलं चेन्नई होतं, कोलंबोही होतं. 2008 साली छापून आला. प्रयत्नातून वाचलेले 1,867 लोक. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नेहमीचे उपचार, सुटी व्हायच्या आत तासभर नीट समजावून सांगणं, आणि त्यानंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या आठवड्यात, मग दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या, आणि पुढे चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. फोनवर विचारायचं ते साधंच, कसा आहेस, काही मदत हवी का. दीड वर्षानं पाहिलं तर नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येनं 18 जण गेले होते. फोन झालेल्या गटात 2.

इंटर्नशिपच्या काळात मी हे वाचलं. त्याआधीच्या सहा महिन्यांत किती मुलांच्या डिस्चार्ज कार्डावर सही केली होती, आणि त्यातल्या एकालाही नंतर फोन केला नव्हता, हे मला आजही टोचतं.

गोदाकाठ, तुम्ही रविवारी पुण्याला परत जाताय. ही नऊ वेळा कालनिर्णयवर लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट, आजच करा. शेतात फवारणीची औषधं असतील, घरात आजीच्या गोळ्या असतील, ते सगळं कुलपात जाऊ द्या, शक्य तर दुसऱ्याच्या घरी. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. या विचाराची लाट बऱ्याचदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते, तेवढा वेळ हाताशी काही नसलं पाहिजे. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण वीसेक वर्षांत जवळपास सत्तर टक्क्यांनी उतरलं. लोकांची दुःखं काही त्या काळात नाहीशी झाली नव्हती.

योगेश्वरीला जरूर न्या, आजीचं मन राहील. पण मानसोपचाराच्या ओपीडीची तारीख चुकवू नका. गोळ्या सुरू केल्या असतील तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून मधेच बंद करू नका.

गोदाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ७:१०

औषधं भाऊजींच्या चुलतभावाकडे नेऊन ठेवली. भाऊजींना सांगताना मला वाटलं चिडतील. काही बोलले नाहीत. दोन खोकी स्वतः उचलून नेली.

पोलिसांनी दवाखान्यात जबाब घेतला होता. ताईला भीती आहे की पोरावर केस होईल, पुढे नोकरीला अडेल.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ८:०५

जबाब होतोच, ही मेडिकोलीगल केस असते, म्हणजे पोलिसांना कळवावी लागते. ताईंना सांगा, घाबरू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचं कलम 115 म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. पूर्वी भारतीय दंड विधानात असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं 309 कलम होतं. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही. केसच्या भीतीनं लोक जखमी पोराला दवाखान्यात आणायलाच उशीर करतात, त्यात जीव जातो. म्हणून हे जेवढ्यांना सांगता येईल तेवढ्यांना सांगा.

बाभूळबन | गुरुवार, रात्री ९:४०

मनातलं बोलतो, राग मानू नये. आम्हीही नापास झालो, वडिलांचा मार खाल्ला, दुष्काळात रोजगार हमीवर गेलो. असं काही मनात आलं नाही. आताच्या मुलांना एका पेपरानं एवढं व्हावं हे मला खरंच समजत नाही. समजून घ्यायचंय, कारण घरात नातू आहे.

सावली | शुक्रवार, सकाळी १०:१५

बाभूळबन, तुम्ही समजून घ्यायचंय म्हणालात, मग माझ्या कामातलं सांगते. मी ठाण्यात शाळांमध्ये समुपदेशक आहे.

एका पेपरानं होत नाही. पेपर हे शेवटचं निमित्त, म्हणून आपल्याला तेवढंच दिसतं. 2022 च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदीत सगळ्या वयांच्या आत्महत्यांची कारणं पाहिली तर सर्वांत मोठा वाटा, 31.7 टक्के, ‘कौटुंबिक समस्या’ असा आहे. परीक्षेतलं अपयश त्याच्या जवळपासही नाही. मुलांशी बोलायला बसलं की एकेक थर निघतो. झोप गेलेली असते. घरचं कर्ज ठाऊक असतं. कुणी मारतं, कुणी नको तिथे हात लावलेला असतो. प्रेम तुटलेलं असतं, किंवा ते ज्याच्यावर आहे ते घरी सांगण्यासारखं नसतं. कित्येकांना नैराश्य हा आजारच असतो आणि त्याला आपण आळस म्हणतो. या सगळ्यावर निकाल येऊन पडतो.

नाजूक म्हणाल, तर जगभरात 15 ते 29 वयातल्या मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसरी आहे. आपल्याकडे 2023 या एका वर्षात 13,892 विद्यार्थी गेले आणि त्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रातले होते. एवढ्या मुलांना नाजूक म्हणून आपल्याला मोकळं होता येणार नाही. तुमच्या वयाच्या पिढीतही मुलं गेली हो. विहिरीला पाय घसरला, असं सांगितलं जायचं.

उपाय काय, तर युरोपात दहा देशांतल्या 168 शाळांत, अकरा हजारांवर मुलांवर एक प्रयोग झाला. 2015 ला निष्कर्ष आले. काही शाळांत शिक्षकांना धोका ओळखायचं प्रशिक्षण दिलं, काही शाळांत प्रश्नावली भरून घेऊन मुलं हेरली. काही शाळांत मुलांशीच बोलले, चार आठवड्यांत मिळून पाच तास, नाट्यप्रवेश बसवून, मन म्हणजे काय, मित्र असं काही बोलला तर काय करायचं, यावर. वर्षभरानं पाहिलं तर नवे प्रयत्न ठळकपणे कमी झाले ते या तिसऱ्या शाळांत. काहीच न केलेल्या तुलनेच्या शाळांत 1.5 टक्के, यांत 0.7. मला यात नवल वाटत नाही. पोरं आधी पोरांना सांगतात. गोदाकाठ यांच्या भाच्याचा जीवही शेजारच्या खोलीतल्या पोरानंच वाचवला.

निंबोणी | शुक्रवार, दुपारी २:३०

मी लातूरला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. हे वाचून कालपासून डोळ्याला डोळा नाही.

बाहेरून येणाऱ्या लेकरांचं आयुष्य कसं असतं ते आई-बापाला दिसत नाही. रविवारी टेस्ट होते, सोमवारी रँक लिस्ट व्हॉट्सॲपवर येते, आणि ती बापाच्या मोबाईलवर लेकराच्या आधी पोचते. संध्याकाळी फोन येतो. ‘जेवलीस का’ पहिलं यायला पाहिजे, पण ‘किती पडले’ पहिलं येतं. नीटला 22 लाखांवर मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. गणित उघड आहे, पण ते कुणी मोठ्यानं म्हणत नाही.

मी एवढ्या वर्षांत काय बघायला शिकले ते सांगते. डबा. दोन दिवस डबा तसाच परत गेला की मी खोलीवर जाते. आंघोळ, वेणी-फणी सुटली की जाते. रात्रभर लाइट चालू असली की जाते. एखादी आपल्या नोट्स, आवडीचं घड्याळ मैत्रिणीला देऊन टाकू लागली की हातातलं काम टाकून जाते. ‘मी नसले की सगळे सुटाल’ असं हसत बोलली तरी ते हसण्यावारी नेत नाही. आणि बरेच दिवस कोमेजलेली पोरगी एकाएकी शांत, आनंदी दिसली तर मला जास्त भीती वाटते. सुरुवातीची काही वर्षं मी त्यालाच ‘आता सावरली’ समजत होते.

सुप्रीम कोर्टानं 2025 च्या जुलैमध्ये आदेश दिलाय की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत, क्लासेससुद्धा, प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत असंही त्यात आहे. पालकांनो, फी भरताना विचारा, तुमचा समुपदेशक कोण, भेटतो कुठे. वर्ग वातानुकूलित आहे का हे सगळे विचारतात.

पुनश्च | शुक्रवार, दुपारी ४:००

निंबोणीताई, तुमच्यासारखी रेक्टर मला मिळाली असती तर.

शब्दांबद्दल एक. ‘प्रयत्न फसला’ असं लोक सहज म्हणतात. माझ्या कानावर ते पडलं तेव्हा वाटलं, यातही मी नापासच. वाचला, वाचली, असं म्हणा ना. आणि कावीळ झाली होती असं सांगू नका. मुलाला त्यातून एवढंच कळतं की खरं सांगण्यासारखं नाही. ‘बरं नव्हतं, उपचार चालू आहेत’ पुरतं. ते खोटंही नाही.

गोदाकाठ | शनिवार, रात्री १२:२५

विचारलं.

संध्याकाळी विहिरीकडच्या बांधावर बसलो होतो. सावलीताई, तुमचा प्रतिसाद वाचला होता म्हणून आधी त्याच्या शेजारच्या खोलीतल्या मित्राची चौकशी केली. तो म्हणाला, "त्याला माझ्यामुळं लै त्रास झाला." मग मी विचारलं, "अजून मरावंसं वाटतं का रे?" छाती अशी धडधडत होती की त्याला ऐकू जाईल असं वाटलं.

बराच वेळ गेला. म्हणाला, "दिवसा नाही. पहाटे जाग आली की वाटतं." मग आपणहून म्हणाला, "आज नाही वाटलं. काही ठरवलेलं नाही." आणि मग पुष्कळ बोलला. नोव्हेंबरपासून झोप नव्हती. क्लासची फी भरायला भाऊजींनी सोसायटीचं कर्ज काढलंय हे त्याला माहीत होतं, आम्हाला वाटत होतं माहीत नाही. टेस्टचे मार्क तीन महिने खोटे सांगत होता. ते उघडं पडायच्या आत संपवावं असं वाटलं, म्हणाला. मी मधे बोललो नाही. एकदाच म्हणालो, "एवढं एकट्यानं वाहिलंस."

रात्री त्याला विचारून ताईला आणि भाऊजींना सांगितलं. भाऊजींना काही सुचेना. उठले, त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "कर्ज माझं आहे, तुझं नाही. फिटंल." दोघंही रडले.

आता पहाटेचं काय करू? मी उद्या निघणार होतो.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ७:४०

तुम्ही फार चांगलं निभावलंत. पहाटेचं त्यानं सांगितलंय हे ओपीडीत डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांना उपयोगी पडतं. सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबता येईल का बघा.

तोवर त्याच्यासोबत बसून एक कागद लिहा. त्याच्या अक्षरात, त्याच्या शब्दांत. तो विचार जवळ येतोय हे मला कशावरून कळतं. तेव्हा मी एकटा काय करू शकतो. कुणापाशी जाऊन नुसतं बसू शकतो. कुणाला सांगू शकतो, त्यांचे नंबर. आणि शेवटी डॉक्टर, १४४१६, १०८. तो कागद त्याच्या खिशात. मोबाईल परत द्या, फोन करायला सांगून फोन काढून घेण्यात अर्थ नाही. पहाटे कुणीतरी त्याच्याच खोलीत झोपा, पाळत म्हणून नाही, उठवायला कुणी असावं म्हणून.

तात्या५२ | शनिवार, सकाळी ८:३०

माझा पहिला सल्ला मागे घेतो. आमच्या एका पुतण्याच्या वेळी आम्ही कुणीच काही विचारलं नव्हतं. त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

पुनश्च | शनिवार, सकाळी ८:५०

तात्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सवडीनं बघा.

बाभूळबन | रविवार, दुपारी १:००

नातवाला काल विचारलं, किती पडले नाही, झोप लागते का म्हणून. तासभर बोलत होता.

गोदाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१०

बऱ्याच जणांनी व्यनितून चौकशी केली, म्हणून लिहितोय.

रजा वाढवून मंगळवारपर्यंत थांबलो होतो. सोमवारी ओपीडीला भाऊजी सोबत आले. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या चालू आहेत. पहिले दहा-बारा दिवस वाईटच होते. एकदा पहाटे चारला त्याचा मला फोन आला, चाळीस मिनिटं बोललो, बोलत बोलत तो ताईला उठवायला गेला. कागदावर दुसऱ्या ओळीत ‘आईला उठवणे’ असं लिहिलेलं होतं, वरच्या ओळीत ‘गोठ्यात जाणे’. यंदाच्या नीटबद्दल अजून काही ठरलेलं नाही, आणि घरात कुणी विचारत नाही. आजीला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण ती आता त्याच्या खोलीत झोपते.

रात्रपाळी डॉक्टरांनी सांगितलेल्या नऊ तारखा मी पुण्याच्या घरी कालनिर्णयवर लिहिल्या, आणि गावी भिंतीवरच्या कालनिर्णयवरही लिहून आलो होतो. नव्या वर्षातल्या तारखा मागच्या पानावर. आज चौथा आठवडा, फोन झाला. ताईनं मग त्या पानाचा फोटो पाठवला. सातव्या आठवड्याच्या चौकटीत मी ‘मामाचा फोन, सकाळी ७’ लिहिलं होतं, ते खोडून त्यानं खाली लिहिलंय: ‘सकाळी नको, संध्याकाळी करा. सकाळी डेअरीला दूध घालायला जातो.’